डायरेक्टरला उचल नसते

“लिमिटेड म्हणजे टॅक्ससुद्धा लिमिटेडच लागत असेल ना, साहेब?” एका डाळ मिलवाल्याने मला हे विचारलं तेव्हा मी मनापासून हसलो होतो. आज हसू येत नाही. त्या माणसाने निदान विचारलं तरी. माझ्याकडे आलेल्या कितीतरी लोकांनी विचारलंच नाही आणि मीही आपणहून सांगितलं नाही. त्यातल्या एकाबद्दल लिहायचं ठरवून बसलो आहे. अंकाच्या संपादकांनी “धंद्यातले गमतीदार अनुभव” मागितले होते. गंमत यात आहे, पण ती माझ्या खर्चाने आहे.

मी कर सल्लागार. सीए नव्हे. सीएच्या परीक्षेला दोनदा बसलो, दोनदा उठलो. धुळ्यात एका वकिलांकडे विवरणपत्रं भरायला शिकलो आणि मग जळगावला येऊन स्वतःचं ऑफिस काढलं. घर पिंप्राळ्यात, स्कूटरवरून दहा मिनिटं. ऑडिटचं काम सीएंकडे जातं. बाकी सगळं, म्हणजे नोंदणी, कागद, विवरणपत्र, नोटिशीला उत्तर आणि अशिलाला धीर, माझ्याकडे. यातलं शेवटचं काम मला सगळ्यांत चांगलं जमतं असं लोक म्हणतात. नेमकं तेच मी एकदा चुकीच्या वेळी केलं.

आमच्याकडे येणाऱ्या छोट्या कारखानदाराचा एक प्रश्न ठरलेला असतो. धंदा कोणत्या रूपात ठेवायचा? एकट्याच्या नावावर, भागीदारीत, एलएलपी करून, की प्रायव्हेट लिमिटेड कंपनी? बाहेरच्या माणसाला ही नुसती पाटी बदलण्याची गोष्ट वाटते. तशी ती नाही. भागीदारीत किंवा एलएलपीत (ही भागीदारीचीच सुधारलेली बहीण, यात भागीदाराचं घरदार कर्जापायी जात नाही) नफ्यावरचा कर फर्म भरते आणि उरलेलं भागीदार घरी नेतात. त्यावर पुन्हा कर नाही. कंपनीचं वेगळं. कंपनी कायद्याने स्वतंत्र माणूस असते. ती तिच्या नफ्यावर कर भरते, दर बहुधा फर्मपेक्षा कमीच. पण तो नफा मालकाने लाभांश म्हणून घरी न्यायचा म्हटला की मालकाला पुन्हा कर. म्हणजे पैसा आतच ठेवून धंदा वाढवायचा असेल तर कंपनी बरी, आणि धंद्यावर घर चालवायचं असेल तर नीट विचार केलेला बरा. आणखी एक. कंपनीत जातानाचं दार मोठं आहे, परत यायला खिडकी आहे. कंपनीची एलएलपी करता येते, पण कर न लागता करायची तर विक्री आणि मालमत्ता ठरावीक मर्यादेच्या आत लागते. चालत्या कारखान्याला त्या खिडकीतून बाहेर पडणं अवघड.

एवढंच सांगायचं असतं. पंधरा मिनिटं लागतात. नानांना मी ती पंधरा मिनिटं दिली नाहीत.

नानांचा नरडाण्याच्या एमआयडीसीत छोटा कारखाना. ठिबकच्या नळ्यांना लागणारे प्लास्टिकचे जोड आणि टोप्या बनवायचे. एकट्याच्या नावावर धंदा, सचोटीचा माणूस, बोलणं अहिराणी. कितीही मोठा अधिकारी समोर असला तरी अहिराणीच. एक दिवस ते मुलाला, प्रशांतला, घेऊन माझ्या ऑफिसात आले आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, “भाऊ, कंपनी करी टाक.”

“कशासाठी नाना? बँकेने सांगितलं का?”

“बँक काय सांगी? पोऱ्याले पोरगी कोन दी? बायोडाटावर काय लिखू, टोप्या बनाडस म्हणून?”

प्रशांत खाली बघत होता. नानांचं गणित सरळ होतं. कंपनी झाली की बाप-लेक दोघे डायरेक्टर. बायोडाटावर ‘डायरेक्टर’, लग्नपत्रिकेत ‘डायरेक्टर’, मुलीकडचे नरडाण्याला आले की फाटकावर ‘प्रायव्हेट लिमिटेड’. आमच्या भागात या कारणासाठी निघालेल्या कंपन्या मी आणखीही पाहिल्या आहेत. पेंटर कंपनीच्या कागदांआधी बोर्ड रंगवून ठेवतो.

मी फॉर्म काढले. नानांनी मध्येच एकच प्रश्न विचारला. त्यांच्या धंद्याच्या सवयीचा प्रश्न होता. घरात पैसा लागला की नाना धंद्यातून काढायचे आणि वहीत एक शब्द लिहायचे, ‘उचल’. लग्नाला उचल, दवाखान्याला उचल, बैल घ्यायला उचल. एकट्याच्या धंद्यात त्यात काहीच गैर नसतं. स्वतःच्या एका खिशातून दुसऱ्या खिशात. तर नाना म्हणाले, “कंपनी व्हयनी तरी घरना पैसा घरमाच राही ना?”

मी म्हणालो, “हो नाना, घरातच.”

का म्हणालो? कारण धुळ्याचा दुसरा एक सल्लागार त्यांच्या मागे होता. कंपनीचं काम म्हणजे दरवर्षीचं काम, फी जास्त. नानांना दोनदा कर लागतो हे सांगितलं असतं तर ते घरी जाऊन विचार करतो म्हणाले असते. विचार करायला गेलेला माणूस परत येईलच असं नसतं. हे मी तेव्हा स्वतःलाही सांगितलं नव्हतं. आता लिहून टाकतो.

लग्न झालं. पत्रिकेत ‘डायरेक्टर’ सोनेरी अक्षरांत होतं, वराच्या नावापेक्षा मोठं. सून आली ती धुळ्याची, स्वाती, बी.कॉम. मग नानांनी मुला-सुनेसाठी धुळ्यात घर बांधायला काढलं आणि पैसा लागला तसा कंपनीतून उचलला. वहीत लिहिलं: उचल, घर.

कायदा असा की कंपनीत नफा साठलेला असताना मोठ्या भागधारकाने कंपनीतून कर्ज म्हणून पैसे घेतले, तर कायदा त्याला कर्ज मानत नाही, लाभांश मानतो. कर लागतो. पैसे नंतर परत केले तरी तो टळत नाही. कंपनीत उचल नावाची गोष्टच नाही. पगार आहे, भाडं आहे, लाभांश आहे. उचल नाही.

घराच्या पहिल्या स्लॅबनंतर झालेल्या ऑडिटमध्ये सीएंनी ते पकडलं. एका चिठ्ठीवर इंग्रजीत लिहिलं की भागधारकाला दिलेली रक्कम लाभांश ठरू शकते, पार्टीला कळवावे. चिठ्ठी माझ्याकडे आली. कळवायचं मला होतं. पण कळवायचं म्हणजे आधी हे कबूल करायचं की कंपनी करताना मी ते सांगितलं नव्हतं. मी चिठ्ठीच्या कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलं, “नंतर बोलू,” आणि ती फायलीत लावली.

मग दुसरा स्लॅब पडला. मग गिलावा, फरशा, फाटक. प्रत्येक वेळी उचल. आयकर खात्याची नोटीस आली तेव्हा घराची वास्तुशांत होऊन गेली होती आणि मी तिथे जेवूनही आलो होतो.

नानांनी कर भरला, वरचं व्याज भरलं. माझ्यासमोर बसून सह्या करताना म्हणाले, “कायदाच असा शे त्याले तू काय करशी?” ते वाक्य मला शिवीपेक्षा जड गेलं. मी त्यांचं त्या वर्षीचं बिल केलं नाही. नानांना वाटलं, भाऊचा स्वभावच मोठा. ते लोकांना सांगत सुटले की असा माणूस मिळत नाही. त्या कौतुकातून मला दोन नवे अशील मिळाले.

त्यानंतर मी एक गोष्ट करायला लागलो आणि तिला प्रामाणिकपणा समजत राहिलो. माझ्याकडे कोणी कंपनी करायला आला की मी त्याला परावृत्त करायचो. दोनदा कर, ऑडिटचा खर्च, परत यायची वाट अरुंद, सगळं खरंच सांगायचो, पण घाबरवायच्या सुरात सांगायचो. जळगावचा एक चटईवाला माझं ऐकून दोन वर्षं भागीदारीतच राहिला. त्याला बाहेरून भांडवल देणारा एक जण तयार होता, पण त्या माणसाला शेअर हवे होते. भागीदारीत शेअर कुठून देणार? तो गेला. चटईवाल्याने नंतर दुसऱ्याकडून कंपनी करून घेतली. रस्त्यात भेटला की म्हणायचा, “साहेब, तुम्ही डॉक्टर असता तर इंजेक्शनच नको म्हणाला असता.” मी हसायचो आणि मनात म्हणायचो, याला काय माहीत.

याच काळात स्वातीचा फोन आला. “काका, मी आणि नाना जळगावला येतोय. मला सल्ला पाहिजे.”

ती नरडाण्याला नानांच्या कारखान्याशेजारच्या शेडमध्ये केळीचे वेफर्स करत होती. सुरुवात घरच्या घरी, मग दोन बायका, मग सहा. रावेरकडून कच्ची केळी यायची. तिच्या कॉलेजच्या दोन मैत्रिणी पैसे घालायला तयार होत्या. इंदूरच्या एका घाऊक व्यापाऱ्याने माल नेहमी घेतो म्हटलं होतं. आता धंद्याला रूप द्यायचं होतं आणि ठरवून देणारा मी होतो.

दुपारी दोघं आली. नाना कोपऱ्यातल्या खुर्चीत पंख्याखाली बसले. आता कारखाना प्रशांत बघतो, नाना बघतात की प्रशांत बघतो की नाही. स्वातीने टेबलावर वही ठेवली. प्रश्न लिहून आणले होते. पहिला प्रश्न वाचायच्या आधीच मी म्हणालो, “एलएलपी कर. डोळे मिटून कर.”

“पण माझी परिस्थिती तरी ऐका.”

“ऐकायचं काय त्यात? कंपनी म्हणजे डोक्याला ताप. घरी पैसा न्यायचा म्हटला की दुसऱ्यांदा कर. तुमच्या घरात ते भोगून झालंय.”

“मला पैसा घरी न्यायचाच नाहीये.”

“आज नाही. उद्या लागेल. सगळ्यांना लागतो.”

तिने वही मिटली. मग शांतपणे म्हणाली, “काका, तुम्ही मला सल्ला देताय की नानांची माफी मागताय?”

मला वाटलं, नीट ऐकू आलं नाही. ती म्हणाली, “आमच्या कंपनीच्या सगळ्या फायली आता मीच लावते. तुमच्याकडून जुन्या आणल्या होत्या ना मागच्या वर्षी, त्यातही बघितलं.” तिने वहीतून एक झेरॉक्स काढली आणि माझ्यासमोर सरकवली. सीएंची चिठ्ठी. कोपऱ्यात माझं अक्षर. पेन्सिलचं अक्षर झेरॉक्समध्ये पुसट येतं असं मी लोकांना सांगत आलो आहे. ते स्पष्ट आलं होतं.

नाना खुर्चीतून पुढे वाकले. “काय शे ते?”

स्वातीने झेरॉक्स माझ्याकडे आणखी सरकवली.

“काय लिखेल शे त्यामा? माले वाची दाखाडा कोनी.”

“काका वाचतील,” ती म्हणाली. “मी घरी बोलले नाही. मला वाटलं, ते तुम्हीच सांगावं.”

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं तेही सांगतो. चिठ्ठी इंग्रजीत होती. नानांना इंग्रजी येत नाही. “जुना ऑडिटचा कागद आहे,” एवढं म्हटलं असतं तर ते खोटंही नव्हतं. स्वाती काही बोलली नसती, फक्त उठून गेली असती आणि पुन्हा आली नसती.

मी चिठ्ठी वाचली. मराठीत, एकेक वाक्य. पार्टीला कळवावे, इथपर्यंत. मग म्हणालो, “आणि खाली मी लिहिलंय, ‘नंतर बोलू.’”

नानांनी विचारलं, “हाई कधनं शे? दुसरा स्लॅबना पहिले का नंतर?”

“आधीचं. पहिल्या स्लॅबनंतर लगेचचं.”

“म्हणजे तुले मालूम व्हतं.”

“हो नाना. कंपनी करतानासुद्धा माहीत होतं. तुम्ही विचारलं होतं, घरातला पैसा घरातच राहील ना. मी हो म्हणालो होतो.”

नाना उठले. बाहेर व्हरांड्यात माठ आहे, तिथे गेले. आम्हाला त्यांच्या पाणी पिण्याचा आवाज ऐकू येत होता. एक ग्लास, मग दुसरा. स्वाती वहीच्या कडेशी बोटाने खेळत होती. आत्तापर्यंत भरलेल्या सगळ्या विवरणपत्रांत मी खाली छापलेल्या एका ओळीशेजारी लोकांच्या सह्या घेतल्या आहेत. वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी व पूर्ण आहे. खरी आणि पूर्ण. यातला दुसरा शब्द मी कधी वाचलाच नव्हता.

नाना परत आले, पण खुर्चीत बसले नाहीत. दारात उभे राहून म्हणाले, “तुनावर लोकेस्ना किती भरोसा शे, मीच बठ्ठास्ले सांगत फिरनू.” मग सुनेकडे बोट केलं. “आते हिले खरं काय ते सांग. मनं बाजूले ठेव. मनी भीती हिना डोकावर टाकू नको.” त्यांचं जे झालं त्याची भीती तिच्या डोक्यावर नको, असं त्यांचं म्हणणं.

आणि ते खाली गेले. गाडीत बसून राहिले.

मी वही माझ्याकडे ओढली आणि नव्याने सुरुवात केली. जे प्रश्न मी नानांना विचारायला हवे होते ते तिला विचारले.

“घर कशावर चालतं?”

“कारखान्यावर. प्रशांतच्या पगारावर.”

“यातून तुला महिन्याला काही लागेल?”

“मी काम करते त्याचा पगार घेईन. बाकी नाही.”

“नफा झाला तर?”

“दुसरी कढई. मग पॅकिंगचं मशीन. पाच वर्षं तरी मला काही बाहेर काढायचं नाही.”

“मैत्रिणींचं लग्न झालं, गाव बदललं, पैसे परत मागितले तर?”

“म्हणून तर शेअर बरे ना? एकीचे शेअर दुसरी घेईल. भागीदारी मोडत बसायला नको.” मग ती जरा चाचरत म्हणाली, “आणि इंदूरवाले म्हणतात, पुढे जमलं तर तेही थोडे पैसे घालतील.”

दहाव्या मिनिटाला मला उत्तर दिसत होतं. तिच्यासाठी कंपनीच बरोबर होती. पैसा आत राहणार, दर कमी, बाहेरचा माणूस घ्यायला दार उघडं. मी गेली काही वर्षं ज्या सुरात लोकांना घाबरवत होतो, त्या सुरात तिला एलएलपी दिली असती तर पहिल्यासारखंच केलं असतं. तेव्हा फीसाठी अर्धं सांगितलं होतं, आता पश्चात्तापासाठी अर्धं सांगत होतो. समोरच्याच्या पदरात दोन्ही वेळा अर्धंच पडणार होतं.

मी तिला तसं सांगितलं. “कंपनी कर. पण तिची वाईट बाजूही आता पूर्ण ऐक.” आणि ऐकवली. परतीची खिडकी किती लहान आहे. दरवर्षीचा ऑडिटचा खर्च. पगार ठरवायचा, ठराव लिहायचा, तेवढाच घ्यायचा. घरात कोणाचं काहीही निघालं तरी कंपनीच्या खात्याला हात लावायचा नाही. नेमकं वाक्य सांगितलं तिला, “डायरेक्टरला उचल नसते.” तिने ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं.

जाताना म्हणाली, “काका, फी पूर्ण लावा. नाहीतर मला पुन्हा तोच प्रश्न पडेल.”

नाना त्यानंतर बरेच दिवस आले नाहीत. विवरणपत्राचे कागद प्रशांतबरोबर यायचे. फोन केला तर “शे ना, बरं शे,” एवढंच. मी त्यांना दोष देत नाही. इतकी वर्षं त्यांचं कौतुक मी खाल्लं होतं. पण माझ्या बाजूने चुका निस्तरायला सुरुवात केली. चटईवाल्याला भेटून सांगितलं की तेव्हा माझा सल्ला तुझ्यासाठी नव्हता, माझ्यासाठी होता. तो म्हणाला, “मला काही कळलं नाही, पण चहा घ्या.” ऑफिसात मी प्रश्नांचा एक कागद टाइप करून ठेवला आहे. पहिला प्रश्न: घरात पैसा लागला तर कुठून काढता? कोणत्याही फॉर्मला हात लावायच्या आधी तो अशिलाच्या हातात देतो. लोक आधी चिडतात. मग बराच वेळ बोलतात.

स्वातीच्या शेडमध्ये नवी कढई आली तेव्हा तिने मला बोलावलं. मी जळगावहून बसने धुळ्याला गेलो, तिथून प्रशांतने नरडाण्याला नेलं. फाटकावर बोर्ड होता, छोटा, साध्या अक्षरांत. आत सहा-सात बायका केळी सोलत होत्या, सगळ्यांचे हात चिकाने काळे झालेले. गरम वेफर्सचा वास. एका टेबलावर पाकिटं मांडली होती, शेजारी बिलबुक आणि स्वाती.

नाना आधीच आलेले होते. मला बघून मान हलवली. टेबलापाशी जाऊन त्यांनी एक पाकीट उचललं, हातात तोललं आणि धोतराच्या कनवटीतून नोट काढून सुनेसमोर ठेवली.

“नाना, काय हे? घ्या ना तसंच,” ती म्हणाली.

“नको. बिल फाड.” ते बायकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले. “डायरेक्टरना सासराले बी उचल नही.”

बायका हसायला लागल्या. स्वातीने तोंड गंभीर ठेवून बिल फाडलं आणि नानांच्या हातात दिलं. त्यांनी ते चष्मा लावून पूर्ण वाचलं, खालची ओळसुद्धा, आणि घडी करून खिशात ठेवलं.

मग मीही एक पाकीट घेतलं आणि खिशात हात घातला. नानांनी माझा हात धरला.

“ऱ्हाऊ दे. तुना पैसा मी देस.”

“नाना, तुम्ही कशाला? कशाचे?”

त्यांनी नोट टेबलावर ठेवली. पाकीट फोडून एक वेफर तोंडात टाकला, एक माझ्यापुढे धरला. आणि अहिराणीशिवाय कधीही न बोलणारा तो माणूस त्या चिठ्ठीवरच्या अगदी माझ्याच शब्दांत, शुद्ध मराठीत म्हणाला, “नंतर बोलू.”